चालायला सांगतो, पण कुठे?

रक्तदाब मोजून झाला, साखरेचा अहवाल पाहून झाला, की आम्ही डॉक्टर मंडळी एक वाक्य हमखास बोलतो, ‘रोज चालत जा.’ गोळीच्या चिठ्ठीवर नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, सगळे नीट लिहिलेले असते. चालण्याच्या सल्ल्याला मात्र ना मात्रा असते, ना वेळ, ना जागा. शहरातला रुग्ण निदान एखाद्या उद्यानाचे नाव घेऊ शकतो. मेडशीसारख्या गावातून आलेला रुग्ण विचारतो, ‘साहेब, चालायचं कुठं?’ हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर आज आरोग्य व्यवस्थेला देता आले पाहिजे, कारण आकडे गंभीर आहेत.

जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील ४९.४ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. २००० मध्ये हे प्रमाण २२.३ टक्के होते. म्हणजे एका पिढीत ते दुपटीहून अधिक झाले. पुरुषांमध्ये ते सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के आहे. पुरेशी हालचाल म्हणजे फार मोठी अट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, म्हणजे दिवसाला अर्धा तास असे पाच दिवस भरभर चालणे, एवढेच.

‘आम्ही तर वावरात राबतो’

खेड्यातल्या रुग्णाला हे आकडे सांगितले की तो म्हणतो, ‘साहेब, हे शहरातल्या लोकांचं. आम्ही तर वावरात राबतो.’ वीस वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. आज नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज दिला. मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण पाहा. शहरांत १५.४ टक्के, ग्रामीण भागात १५.२ टक्के. उंबरठ्यावर शहर आणि खेडे यांच्यात काहीच अंतर उरलेले नाही. दहा वर्षांनी दवाखान्यात काय दिसेल, ते यातच आहे.

हे का झाले, ते वाशिमसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यात डोळ्यांनी दिसते. वखरणी, पेरणी ट्रॅक्टरने होते. निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली. सोंगणी झाली की मळणीयंत्र शेतात येते. वावरात जायला दुचाकी आहे. उरलेले काम कष्टाचे आहेच, पण ते हंगामी आहे. तीन आठवडे पाठ मोडेपर्यंत काम आणि मग तीन महिने पारावर किंवा मोबाइलसमोर, असा वर्षाचा हिशेब झाला आहे. स्नायूंना हा हिशेब चालत नाही. एका व्यायामाने स्नायूंची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता वाढते, पण तो परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. जून महिन्यातले श्रम जानेवारीतल्या साखरेला उपयोगी पडत नाहीत. म्हणूनच चालणे रोजचे हवे.

मेडशीचा नकाशा

अकोल्याहून वाशिमकडे निघाले, पातूर मागे टाकले, की पूर्णा खोऱ्याचा सपाट पट्टा संपतो आणि घाट सुरू होतो. हा घाट चढून पठारावर येताना मालेगाव तालुक्यातले मेडशी लागते. चहूबाजूंना बसाल्टच्या टेकड्या आणि साग, सालई, धावडा, तेंदू, पळस अशा झाडांचे पानगळीचे जंगल. अकोल्याकडे उतरणारी मोर्णा नदी याच डोंगराळ पट्ट्यातली. शहरातील माणसे सुटीच्या दिवशी तीन तास गाडी चालवून असा प्रदेश शोधत जातात. मेडशीकरांच्या तो दारात आहे.

तरीही पहाटे चालायला निघालेला माणूस कुठे जातो? महामार्गावर. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा आता राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे, चौपदरी झाला आहे. गुळगुळीत आहे, चिखल नाही, साप दिसतो, कुत्री कमी. या सोयींपायी माणसे त्याच्या कडेने चालतात. पण रस्ता जितका गुळगुळीत, तितका वाहनाचा वेग जास्त. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाचांत एक. अंधारात, गडद कपड्यांत, वाहतुकीकडे पाठ करून चालणारा माणूस भरधाव वाहनाच्या चालकाला शेवटच्या क्षणी दिसतो. हृदय वाचवायला निघालेल्या माणसाने डोके फोडून घेऊन अपघात विभागात यावे, यासारखे दुर्दैव नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि राज्यांना पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी धोरण आखण्यास सांगितले. निर्णय महत्त्वाचा आहे. पण ‘पदपथ’ म्हटले की डोळ्यांसमोर शहरातला फरशीचा फूटपाथ येतो. खेड्यातल्या पादचाऱ्याचा पदपथ कोणता? माझ्या मते त्याचे उत्तर वऱ्हाडात पूर्वीपासून आहे. त्याचे नाव पांदण.

पांदण, गाडवाट आणि ई-क्लास

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला पाणंद म्हणतात, ती आपली पांदण. दोन्ही बाजूंना धुरे, बोरी-बाभळी, मध्ये गाडीची चाकोरी. गावातून वावराकडे, एका गावातून दुसऱ्या गावाकडे, नदीकडे, गुरे चारण्याच्या ई-क्लास जमिनीकडे जाणाऱ्या या वाटांचे जाळे प्रत्येक गावाभोवती आहे. तिथे ट्रक नाही, धूर नाही, झाडांची सावली आहे. पायाखाली माती आहे. चालण्यासाठी खास वाट बांधायची म्हटली, तर शहरात कोट्यवधी रुपये लागतात. इथे ती नकाशावर आधीच आखलेली आहे.

पण ती वाट मोकळी राहिलेली नाही. बांध कोरत कोरत पांदण अरुंद झाली, कुठे बुजली, कुठे काटेरी कुंपणाने बंद झाली. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गुडघ्यापर्यंत येतो. अनेक गावांत वस्तीजवळची पांदण म्हणजे उकिरडा आणि उघड्यावरचे शौच असे समीकरण होऊन बसले. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, त्यात रोजगार हमीतून या रस्त्यांची कामे घेता येतात. २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असाही निर्णय झाला. अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचे अधिकार तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यापासून आहेत. या सगळ्याचा विचार आजवर फक्त शेतमाल आणि ट्रॅक्टर यांच्या अंगाने झाला. मोकळी पांदण ही आरोग्य सुविधाही आहे, हे कोणत्याच बैठकीत बोलले जात नाही.

ट्रॅक्टरसाठी रुंदी हवी, हे मान्य. पण त्यासाठी दोन्ही धुऱ्यांवरची झाडे साफ केली, तर विदर्भातल्या उन्हात ती वाट चालण्याच्या कामाची राहत नाही. एका बाजूची झाडे राखणे किंवा नव्याने कडुनिंब, करंज, चिंच लावणे हे कामाच्या अंदाजपत्रकातच बसवायला हवे.

मातीच्या वाटेचे शास्त्र

सपाट डांबरावर चालणे आणि टेकडीच्या वाटेने चालणे यात शरीराला मोठा फरक जाणवतो. चढावर मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू जोराने काम करतात. हे स्नायू शरीरातली साखर साठवणारी मोठी कोठारे आहेत. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवणानंतरचे पंधरा मिनिटांचे चालणेसुद्धा साखर खाली आणते. उंचसखल जमिनीवर घोट्याला आणि कमरेला सतत तोल सावरावा लागतो. हा सराव उतारवयात पडण्यापासून आणि खुब्याच्या हाडाच्या मोडण्यापासून वाचवणारा आहे.

चढण्याचे महत्त्व जगाला सर्वप्रथम कळले ते लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस या संशोधकाने १९५३ मध्ये दाखवले, की दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. तेव्हापासून सत्तर वर्षे पुरावा वाढतच गेला आहे.

रोज दहा हजार पावलांचा आकडा मात्र कोणत्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानी कंपनीने विकायला काढलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे ते नाव होते. जुलै २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले, की दिवसाला दोन हजार पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सात हजार पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्के कमी आढळतो. तेव्हा दहा हजार जमत नाहीत म्हणून घरीच बसू नका. दोनाचे चार हजार केले, तरी फायदा सुरू होतो.

झाडांच्या सहवासाचे काय? इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मन अधिक चांगले असल्याचे सांगितले. ही दोन तासांची बेरीज एकदम केली की थोडी थोडी, याने फरक पडला नाही. अर्थात ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच अधिक बाहेर पडतात, हीही शक्यता आहे. त्यामुळे ‘जंगलात फिरा, मधुमेह बरा’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण ज्या वाटेवर मन रमते, त्या वाटेने माणूस दुसऱ्या दिवशीही जातो. औषध म्हणून चालण्याची खरी अडचण ते अर्ध्यावर सुटण्याची आहे, आणि तिथे झाडे, पाखरे, सोबती यांचा उपयोग होतो.

वाशिमभोवतीची ओळखीची नसलेली ठिकाणे

रोजची वाट गावातली हवी, पण महिन्यातून एक रविवार थोडे लांब जायला हरकत नाही. पातूरला रेणुकामातेची टेकडी आहे. देवीचे दर्शन आणि चांगला चढ, दोन्ही एका फेरीत होते. पातूरजवळच खडकात कोरलेल्या प्राचीन लेण्या आहेत, त्या अजिंठ्याच्या नावाखाली झाकल्या गेल्या. वाशिम शहराजवळ एकबुर्जी जलाशयाचा परिसर आहे, हिवाळ्यात पक्षी पाहता येतात.

अकोला आणि वाशिम या दोन जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य १९८८ मध्ये जाहीर झाले. सुमारे ७४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात चौसिंगा हरीण आढळते. कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर २०२० मध्ये रामसर पाणथळ यादीत गेले. त्याच्या विवराचा काठ आणि भोवतालची मंदिरे पाहताना किती चाललो, ते कळतही नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि राखीव वनातही मनमानी भटकंती चालत नाही. वनविभागाच्या कार्यालयात विचारून, त्यांनी सांगितलेल्या वाटेने, सोबत माहीतगार घेऊनच जायचे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. ही जंगले आपली फिरण्याची जागा होण्याआधी त्यांचे घर आहेत.

चालताना काय सांभाळायचे

ऊन: मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांवर गेल्याने अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. मार्च ते जून या काळात सूर्य वर येण्याआधी फेरी संपवा. पाणी सोबत ठेवा. मूत्रल गोळ्या चालू असलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांनी विशेष जपावे.

साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. अंधारात विजेरी, पायात बंद बूट, हातात काठी, एवढ्याने धोका बराच कमी होतो. दंश झाल्यास कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तो अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा. तिथे प्रतिविष मोफत मिळते.

गवत: पावसाळ्यानंतर उंच गवतातल्या सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने ‘स्क्रब टायफस’ हा ताप येतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याने बळीही घेतले. गवतात बसू नका. फिरून आल्यावर अंघोळ करा, कपडे धुवा. ताप आला तर ‘गवतात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगावर कुठे काळी खपली असेल तर तीही दाखवा. वेळेत कळले तर स्वस्त गोळ्यांनी हा आजार बरा होतो.

मधुमेह आणि हृदय: मधुमेहींनी अनवाणी चालू नये. गवतावर अनवाणी चालण्याचा सल्ला त्यांच्यासाठी घातक आहे, कारण बधिर पायात रुतलेला काटा कळत नाही आणि जखम चिघळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, हा योग्य वेग. चढावर छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम, चक्कर यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी तपासून घ्या. ‘गॅस झाला’ म्हणून पुढे चालू नका.

बाईने कुठे चालायचे?

सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे. गावात पुरुष नुसता चालला तर कोणी विचारत नाही. बाई रिकाम्या हाताने निघाली की ‘कुठं चालली गं?’ हा प्रश्न येतोच. शिवाय घरकाम हाच व्यायाम, असा समज आहे. घरकामात श्रम असतात, पण दम लागेल असे सलग चालणे त्यात क्वचितच असते. ५७ टक्क्यांचा आकडा आळसाचा नाही, जागेचा आणि मोकळिकीचा आहे.

आपल्याच परंपरेत याचे एक उत्तर दिसते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाताना पातूर, मेडशी, डव्हा, मालेगाव, शिरपूर जैन अशी या भागातून पुढे जाते. तिच्या स्वागताला, दर्शनाला बायका कितीतरी अंतर चालतात आणि कोणी हटकत नाही. कारण तिथे सोबत असते, वेळ ठरलेली असते आणि वाट सर्वांना माहीत असते. बचत गटांनी आठवड्यातून पाच दिवस ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पांदणीने एकत्र चालायचे ठरवले, तर या तिन्ही गोष्टी रोजच्या होतील. एकटीला अडवणारे गाव वीस जणींना वाट देते.

काय करता येईल?

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरोघरी जाऊन भरतात. त्यात आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम होतो का, असा प्रश्न आहे. उत्तर ‘नाही’ आले की गुण वाढतात आणि माणूस तपासणीला पाठवला जातो. इथपर्यंत व्यवस्था चालते. पण ‘मग ताई, चालू कुठे?’ याचे उत्तर आशाताईंच्या हातात कोणी दिलेले नाही.

ते देणे महाग नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि आरोग्य सेविका यांनी एकत्र बसून गावापासून निघणारी, महामार्ग न ओलांडता परत गावात येणारी एक-दोन वाटा निवडाव्यात. त्या गावनकाशावर रंगवून आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावाव्यात. दर अर्ध्या किलोमीटरला चुन्याने रंगवलेला दगड ठेवावा. पहिल्या वळणापर्यंत दिवे, एखादा बाक, गवताची वर्षातून दोनदा कापणी आणि उकिरडे हलवणे, एवढे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे. जिथे गावातून महामार्ग गेला आहे, तिथे पलीकडे जायला सुरक्षित जागा मागितलीच पाहिजे. जंगलाला लागून असलेल्या वाटांबाबत वनपरिक्षेत्र कार्यालयाचे मत आधी घ्यावे. बिबट्याचा वावर असेल त्या आठवड्यात वाट बंद, हेही त्यांनीच सांगावे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, घरकुल हे विषय असतातच. त्यात या वेळी एक ओळ वाढवा: ‘गावाची चालण्याची वाट निश्चित करणे.’ ठराव झाला की त्याची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात आणून द्या. मग डॉक्टरांना चिठ्ठीवर गोळीच्या खाली वाटेचे नाव आणि मिनिटेही लिहिता येतील.